मी वाचलेली पत्रं

२००२ च्या उन्हाळ्यात, 'पराक्रम'च्या वेळी, आमचं युनिट राजस्थानच्या वाळूत सीमेजवळ होतं. मी नवा लेफ्टनंट. संध्याकाळी जवानांची इनलँड पत्रं वाचायचं काम माझ्याकडे. ठिकाणाचं नाव, तोफांचा आकडा दिसला की काळी शाई. एकाने बायकोला लिहिलं होतं, 'साहेब वाचतात, म्हणून बाकीचं घरी आल्यावर.' माझे कान तापले.

पण पत्र कोण वाचतं, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय घटनेच्या कलम ३३ प्रमाणे संसद आम्हा सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालू शकते, आणि आम्ही ते पत्करूनच गणवेश चढवला. सांगलीहून मला रोज व्हॉट्सअॅप करणाऱ्या आईने असं काही पत्करलेलं नाही.

२०२१ च्या आयटी नियमांतला नियम ४(२) तिच्याही फोनपर्यंत पोचतो. पन्नास लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीने, आदेश आल्यास, संदेश मुळात कोणी पाठवला ते सांगायचं. मजकूर नको, फक्त नाव. पण गुन्हेगार आधी कुठे ठाऊक असतो? म्हणजे खूण सगळ्यांच्याच संदेशांवर ठेवायची. एप्रिल २०२४ मध्ये व्हॉट्सअॅपने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं, एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर आम्हाला भारत सोडावा लागेल.

तपास करणाऱ्यांची अडचण मला खोटी वाटत नाही. काश्मीरमध्ये दोन पोस्टिंग काढली आहेत. मे २०२३ मध्ये अतिरेकी वापरतात म्हणून केंद्राने १४ मेसेजिंग अॅप बंद केली. पलीकडचा हँडलर पंधरावं शोधतो. आणि सरकारसाठी ठेवलेली वाट शत्रूलाही सापडते. अमेरिकेत कायदेशीर टॅपिंगसाठी टेलिफोन कंपन्यांनी ठेवलेल्या यंत्रणांपर्यंत चिनी हॅकर पोचल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. मग तिथल्याच अधिकाऱ्यांनी लोकांना एन्क्रिप्टेड मेसेजिंग वापरायला सांगितलं!

संशयिताचा फोन जरूर ऐका. पण आपल्याकडे टॅपिंगचा आदेश गृहसचिव देतो आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेच नाही. गणवेशात असताना यावर किती बोलावं, याची मर्यादा मला आहे. निवृत्त मित्रांना ती नाही. त्यांनी आपापल्या खासदाराला एवढंच विचारावं: आदेशावर न्यायाधीशाची सही का नको?