जालना जिल्ह्यातील अन्नसुरक्षा

जालना हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील, मुख्यतः कोरडवाहू शेतीचा जिल्हा आहे. १ मे १९८१ रोजी तो स्थापन झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १९.५९ लाख असून तीपैकी सुमारे चार पंचमांश लोक ग्रामीण भागात राहतात. शेती करणाऱ्या अनेक कुटुंबांनाच खाण्याचे धान्य विकत किंवा शिधापत्रिकेवर घ्यावे लागते, हे येथील अन्नसुरक्षेच्या प्रश्नाचे वैशिष्ट्य होय.

पीकपद्धतीतील बदल

ज्वारी व बाजरी ही या भागाची परंपरागत अन्नधान्ये. ज्वारीच्या एकाच पिकातून माणसांना भाकरी आणि जनावरांना कडबा मिळे. गेल्या काही दशकांत या पिकांची बरीचशी जागा कापूस व सोयाबीन यांनी घेतली. बीटी कापसाच्या लागवडीस २००२ मध्ये परवानगी मिळाल्यावर हा कल अधिक दृढ झाला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी जालन्यातच स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशाला बियाणे पुरवणाऱ्या या शहराभोवतीच अन्नधान्याचे क्षेत्र आक्रसावे, हा विरोधाभास नोंद घेण्याजोगा आहे. त्याचा दोष मात्र शेतकऱ्यावर टाकता येत नाही. शिक्षण, औषधोपचार, लग्नकार्य, कर्जफेड या सर्वांना रोख पैसा लागतो आणि ज्वारीतून तो पुरेसा हाती येत नाही. कापूस व सोयाबीन यांचे भाव जागतिक बाजाराबरोबर चढउतरतात, तर धान्य स्थानिक दराने घ्यावे लागते. दोन्ही दर ठरवणे शेतकऱ्याच्या हाती नसते.

जागतिक घडामोडींचा परिणाम

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांचे प्रमाण अधिक असलेल्या १४ जिल्ह्यांत, जालन्यासह, गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो दराने देण्यास सुरुवात केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि जगभर गहू महागला. त्याच मार्चमधील उष्णतेच्या लाटेने उत्तर भारतातील गव्हाचे नुकसान केले. सरकारी गहू खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून सुमारे १८८ लाख टनांवर घसरली व १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. पुढे कायद्याबाहेरील या योजनेला धान्यपुरवठा बंद झाला. २०२३ मध्ये राज्याने धान्याऐवजी प्रतिव्यक्ती दरमहा १५० रुपये बँक खात्यात देण्याचे ठरवले, म्हणजे ५ किलोंच्या हिशेबाने किलोमागे ३० रुपये. बाजारभाव वाढला की तेवढ्याच रकमेत कमी धान्य येते. किलोमध्ये ठरलेल्या हक्काला ही झळ लागत नाही.

पाणी व संशोधन

२०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. बाग पुन्हा फळावर येण्यास काही वर्षे लागत असल्याने असे नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने तुरीचे बीडीएन ७११ हे लवकर तयार होणारे वाण दिले. पाऊस लवकर उघडल्यास ते उपयोगी ठरते. कडवंची गावाने पाणलोट विकास व शेततळी यांच्या बळावर टंचाईवर बरीच मात केली, परंतु तेथेही समृद्धी आली ती द्राक्षबागांतून.