निरोप्याचा धर्म

श्रीदत्तजयंतीच्या पर्वकाळी अंबाजोगाईकरांना दासोपंतांची पासोडी आठवल्यावाचून राहत नाही. सव्वा लक्ष ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचणाऱ्या या दत्तभक्ताने पंचीकरणासारखा गहन विषय सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर मराठीत मांडला. साधन कोणतेही असो, निरोप लोकांच्या भाषेत पोहोचावा, ही त्यामागील तळमळ होय.

दासोपंत शके १५३७ मध्ये समाधिस्थ झाले. त्याच सुमारास, १६१६ साली, गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. लिपी रोमन, धर्म परका. छंद मात्र आपल्या ओवीचाच! पोर्तुगीज अमलातील धर्मच्छळ विसरावा, असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्या जुलमाचा हिशेब ओवीच्या माथी मारणेही न्यायाचे नव्हे.

ही परंपरा पुढे खंडित झाली नाही. १९०३ साली सुरू झालेल्या कॅथलिक मासिकाचे नावच मुळी ‘निरोप्या’. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादकपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे सांभाळले, आणि चर्चच्या त्या नियतकालिकात समाजाच्या प्रश्नांना व मराठी साहित्याला हक्काची जागा दिली. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ पाद्री म्हणून त्यांना विरोध करणारी मंडळी निघालीच. मुकुंदराजांच्या या मुलुखाला तो विरोध शोभणारा नव्हता, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०२४ च्या जुलैत फादर निवर्तले.

आता मासिकांचे काम भ्रमणध्वनीने उचलले आहे. चर्चची प्रवचने त्यावर येतात, तशी आपली कीर्तनेही. कॅथलिक चर्च तर १९६७ पासून दरवर्षी संपर्कमाध्यमांसाठी एक स्वतंत्र दिवसच पाळते. चर्चसाठी हे काम करणाऱ्या मराठी तरुणाने ख्रिस्ताचा निरोप शुद्ध, सरळ मराठीत सांगितला, तर आपल्या देव्हाऱ्याला त्याचे भय ते काय? भय वाटावे ते निराळ्याच गोष्टीचे. सणाच्या दिवशी, कोणी लिहिले याची चौकशी न करता, परधर्माविषयीचा द्वेषाचा मजकूर आपणच नातेवाइकांना धाडतो. तोही दत्तप्रभूंच्या चित्राखाली!

आज सायंकाळी जन्मकाळाच्या आरतीनंतर हाती यंत्र घेणाऱ्या मुलांना तेवढे एक विचारावे: बाळा, हे तू वाचलेस का, आणि मग पाठवलेस का?