वाहनाची निगा आणि पंधरा वर्षांचा दाखला

पिथमपूरच्या औद्योगिक परिसरालगत, सुमारे एक हजार एकरांच्या आवारात उभ्या असलेल्या राष्ट्रीय वाहन-परीक्षण केंद्रात ११.३ किलोमीटरांचा जो अंडाकृती शीघ्रगती मार्ग २०२१ च्या जून महिन्यात खुला झाला, त्यावर नव्या वाहनांची जी कसोटी घेतली जाते तिचे स्वरूप पाहिले म्हणजे आपला वाहन-उद्योग आता प्रौढावस्थेला पोचला आहे याविषयी शंका राहत नाही. ब्रेक किती अंतरात लागतो, ओल्या पृष्ठभागावर चाक किती घसरते, वळणावर वेग असताना गाडीचा तोल कसा राहतो, या प्रत्येक गोष्टीचे मोजमाप तेथे यंत्रांच्या साक्षीने होते. त्यात भर म्हणून १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताने मोटारींच्या अपघात-सुरक्षेसाठी स्वतःची तारांकन-पद्धतीही अंमलात आणली आहे. परंतु तीच मोटार विकली जाऊन हातोदच्या एखाद्या कुटुंबाच्या दारी आली, तिला हळदकुंकू वाहून झाले, चाकापुढे नारळ फुटला, की त्या घटकेपासून तिच्या ब्रेकला, टायरला, दिव्यांना आणि पट्ट्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार जणू कोणाकडेच उरत नाही.

ही अतिशयोक्ती नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये खासगी मोटारीची अथवा दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांच्या मुदतीची असते, आणि त्या संपूर्ण मुदतीत ते वाहन रस्त्यावर आणण्यास योग्य आहे असे सरकारदरबारी गृहीत धरले जाते. भाड्याने चालणाऱ्या व मालवाहू वाहनास पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. घरगुती वाहनाच्या मालकाला तसा तगादा नाही. त्याच्या वाट्याला येतो तो फक्त प्रदूषण-नियंत्रणाचा दाखला. या दाखल्याची महती कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्यात तपासले काय जाते, हे दाखला खिशात घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. पेट्रोलच्या गाडीत इंजिन नुसते चालू ठेवून धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलच्या गाडीत वेगवर्धक दाबून धुराचा दाटपणा पाहतात. ब्रेकचा त्यात विचार नाही, टायरचा नाही, मागच्या दिव्याचाही नाही. तेव्हा ज्या कागदाला आपण गाडी ठीक असल्याची साक्ष मानतो, तो तिच्या एका अवयवाची, एका घटकेची साक्ष असतो, आणि उरलेल्या सर्व अवयवांची जबाबदारी कायद्याने निःशब्दपणे मालकाच्या विवेकावर सोपविलेली असते. ही जबाबदारी खासगी हौसेची बाब नसून सार्वजनिक कर्तव्य आहे, आणि हातोदसारख्या तहसिलीच्या गावाने ते आपल्या नागरी व्यवहाराचा भाग करून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हातोदचाच विचार करण्याचे कारण असे की येथील रस्त्याचे स्वरूप एका पिढीत पालटून गेले आहे. देपालपूरकडून येणारा आणि हातोदवरून गांधीनगर, विमानतळ या मार्गाने इंदूरात शिरणारा रस्ता आता केवळ खेड्यांना शहराशी जोडणारा राहिलेला नाही. सुपर कॉरिडॉरच्या बाजूने शहरच त्या रस्त्याने गावाकडे सरकत आहे. सकाळी कामावर निघालेल्या दुचाकी, शाळेच्या गाड्या, भाजीपाल्याचे टेम्पो आणि सोयाबीन वा गहू भरून लक्ष्मीबाई नगरच्या अनाज मंडीकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकाच डांबरी पट्टीवरून धावतात, आणि त्यांच्या वेगांत मोठे अंतर असते. पावसाळ्यात शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेली माळव्याची काळी माती रस्त्यावर पसरते, आणि मग ज्या टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे त्याला त्या चिखलावर पकड उरत नाही. अंधार पडल्यावर संकट याहून बिकट होते. भरलेल्या ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, असला तर त्यावर चिखलाचा थर असतो, आणि जी परावर्तक पट्टी मागून येणाऱ्याच्या उजेडात लाल चमकून शंभर पावलांवरून सावध करू शकली असती ती एक तर कधी चिकटवलेलीच नसते, नाही तर गोण्यांवरून खाली सोडलेल्या ताडपत्रीखाली झाकली गेलेली असते. काही रुपयांच्या त्या पट्टीअभावी एका घरचा कर्ता माणूस जावा, यात दैवाला दोष देण्यासारखे काही नाही. ट्रॉलीच्या मालकाने पट्टी लावली पाहिजे, आणि मागून येणाऱ्या मोटारवाल्याने आपल्या दिव्यांची काच पुसलेली ठेवून, समोर वाहन दिसताच प्रखर झोत खाली घेतला पाहिजे.

निगेच्या प्रश्नात आम्ही टायरला अग्रस्थान देतो, कारण पैशाची बचत, हवेची शुद्धता आणि जिवाचे रक्षण या तिन्ही गोष्टी तेथे एकाच ठिकाणी मिळतात. हवा कमी असलेला टायर रस्त्यावर अधिक दबतो, दबलेली बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते, त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, आणि ती उष्णता निर्माण करण्यासाठी खर्च झालेले इंधन मालकाच्या खिशातून गेलेले असते. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळाले म्हणजे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो, हे लक्षात घेतले की चार चाकांतील हवेकडे केलेले दुर्लक्ष हा एकट्याचा मामला राहत नाही. वैशाखाच्या भर दुपारी, भरलेली गाडी वेगात असताना, हीच उष्णता टायर फुटण्यास कारण होते. हवेचा योग्य दाब किती, हे पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला असता बहुतेक मोटारींत खांबावर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसते. तीवर पुढच्या आणि मागच्या चाकांचा दाब, रिकाम्या गाडीचा वेगळा व भरलेल्या गाडीचा वेगळा, छापलेला असतो. हा दाब चाके थंड असताना, म्हणजे गाडी फारशी चाललेली नसताना मोजावयाचा असतो. टायरच्या खोबणीच्या तळाशी अधूनमधून आडवे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते आणि नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे टायरचे आयुष्य संपले. कडेवर लंबगोलात चार अंक कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात घडला. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने, आणि विशेषतः वर्षानुवर्षे डिकीत पडून राहिलेल्या स्टेपनीवर भिस्त ठेवणाऱ्याने, हे अंक अवश्य वाचावेत.

बचतीच्या नावाखाली रूढ झालेला एक घातक समज येथे खोडून काढणे आम्हांस आवश्यक वाटते. उतार लागला की गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी, काही महाभाग तर इंजिनही बंद करतात, म्हणजे तेल वाचते, अशी शिकवण एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे चालत आली आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिच्यात काही तथ्य असेलही. परंतु आजच्या इंजेक्शन-पद्धतीच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना वेगवर्धकावरून पाय काढला की इंधनाचा पुरवठाच थांबतो आणि चाकेच इंजिनाला फिरवतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. म्हणजे ज्या युक्तीने बचत होते असे मानले जाते, तिच्यामुळे खर्च वाढतो. आणि इंजिनाचा रोध नाहीसा झाल्यामुळे गाडीचा सारा भार ब्रेकवर येऊन पडतो, तो निराळाच. ब्रेकचे पॅड आणि लायनर तापत जातात, तापले की त्यांची पकड ढिली पडते. आणि ब्रेकच्या तेलाने वर्षानुवर्षे हवेतील ओलावा शोषलेला असेल तर ते उकळून त्यात वाफ होते, आणि पाय तळापर्यंत गेला तरी गाडी थांबत नाही. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट किंवा आग्रा-मुंबई मार्गावरील गणेशघाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. गणेशघाटात ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींनी इतके बळी घेतले की अखेर उतारासाठी नवा मार्ग काढणे भाग पडले. ज्या गिअरने चढावे त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. ब्रेकचे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे, हे मात्र पुष्कळ मालकांना कोणी सांगितलेलेच नसते.

बाकीची निगा तशी सोपी आहे. गव्हाच्या मळणीच्या दिवसांत या भागात उडणारा भुसा आणि धूळ एअर फिल्टरमध्ये अडकून इंजिनाला श्वास घेणे कठीण करते, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीची वाट न पाहता हंगाम संपताच तो उघडून पाहावा. पावसापूर्वी वायपरचे रबर बदलावे. चौकात उभ्या राहिलेल्या मोटारीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन काहीच काम न करता जाळते. सिग्नल लांबला तर ते बंद करण्याची सवय लावून घेणे कोणालाही जड जाऊ नये. वेगाचे गणितही ध्यानात असू द्यावे: ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेले की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून अधिक होतो, आणि ५० वरून १०० वर गेले की धडकेतील ऊर्जा चौपट होते.

सुरक्षा-पट्ट्याविषयी लिहिताना मात्र लेखणी आवरती घेणे आम्हांला उचित वाटत नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. पट्टा न लावल्यामुळे गेलेल्यांची संख्या १६,७१५ होती. त्यांत चालक ८,३८४ आणि सोबतचे प्रवासी ८,३३१, म्हणजे जवळजवळ समसमान. शिरस्त्राण नसल्याने ५०,०२९ दुचाकीस्वार व त्यांचे सहप्रवासी गेले. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार-अपघातात जो अंत झाला, त्यात मागच्या आसनावरील दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते आणि दोघेही वाचले नाहीत. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. अत्यंत महागडी, सर्व साधनांनी युक्त अशी ती मोटार होती. पट्टा पुढच्यांनीच लावावयाचा असतो, मागे बसलेली आई, आजी, मुले सुरक्षितच असतात, ही समजूत किती प्राणघातक आहे याचा याहून ठळक दाखला शोधण्याची गरज नाही. निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा सिद्ध केला आणि त्याच्या कंपनीने तो इतर सर्व उत्पादकांना वापरण्यास मोकळा ठेवला. इतके उदारपणे जगाला मिळालेले साधन आपल्या मोटारीत आसनाच्या खाली दडपलेले, त्याचे कुलूप गादीच्या खोबणीत हरवलेले, किंवा त्यावर आवरण घालून कायमचे बंद केलेले आढळते. हवेची पिशवी ही पट्ट्याला पूरक आहे, पर्यायी नाही. पट्टा नसलेला देह पुढे फेकला जात असता वेगाने फुगणारी तीच पिशवी त्याला इजा करू शकते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. रस्त्यांना खड्डे आहेत, दिवे नाहीत, दुभाजकांची रचना सदोष आहे, मग एकट्या वाहनमालकाला उपदेश का, असे विचारले जाते. रस्त्याचा दोष आम्हांला पूर्णतः मान्य आहे, आणि त्याचा जाब बांधकाम खात्याला विचारलाच पाहिजे. पण खड्डा चुकविताना जो ब्रेक लागावयास हवा तो लागत नसेल, तर खात्याविरुद्ध केलेली फिर्याद त्या माणसाला परत आणीत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. हप्ते भरून जुनी दुचाकी चालविणाऱ्याला दर हंगामाला गॅरेजची पायरी चढणे परवडत नाही, हे खरे. म्हणूनच आम्ही वर ज्या गोष्टी सांगितल्या त्यांतील बहुतेक विनामूल्य किंवा जुजबी खर्चाच्या आहेत. हवा तपासणे, दिवे पुसणे, साखळीला तेल देणे, उतारावर गिअर न काढणे, पट्टा ओढून कुलूप लावणे, यांपैकी एकालाही मिस्त्रीची गरज लागत नाही.

नियमाने वर्तन बदलते की नाही, याविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी हातोदच्या शेजारी असलेल्या महानगराकडे पाहावे. इंदूरने २०१७ पासून स्वच्छतेत देशात जो अव्वल क्रमांक वर्षामागून वर्ष राखला, तो घराघरांतून ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याच्या नित्य सवयीतून आला. देवगुराडिया येथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या ५५० टन क्षमतेच्या प्रकल्पात त्याच ओल्या कचऱ्यापासून वायू बनतो आणि त्यावर शहरातील बसगाड्या चालतात. स्वयंपाकघरातली टोपली ज्यांनी वेगळी केली, त्यांना वाहनाची निगा राखणे अशक्य आहे असे आम्ही मानीत नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून इंदूर जिल्ह्यात शिरस्त्राणावाचून दुचाकीस्वाराला पेट्रोल देऊ नये असा हुकूम जिल्हाधिकाऱ्यांनी काढला, तेव्हा पंपांवर उसनी शिरस्त्राणे हातोहात फिरली हेही खरे; पण त्यामुळे हुकूम चुकीचा ठरत नाही, त्याची अंमलबजावणी अधिक नेटाने व्हावी एवढेच सिद्ध होते.

हातोदच्या नगर परिषदेने, तहसील कार्यालयाने आणि परिवहन खात्याने एकत्र येऊन सोयाबीनची आवक सुरू होण्यापूर्वी, म्हणजे भाद्रपदाच्या अखेरीपर्यंत, गावाच्या हद्दीत दोन दिवसांची वाहन-तपासणी ठेवावी. दंड वसूल करण्यासाठी नव्हे, तर टायर, ब्रेक, दिवे आणि पट्टे पाहून मालकाच्या हाती लेखी नोंद देण्यासाठी; आणि प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल व बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी तेथल्या तेथे, परिषदेच्या खर्चाने, चिकटवून देण्यासाठी. गावातील मिस्त्र्यांना त्यात मानधनावर सामील करून घ्यावे, कारण मालकाचा विश्वास अधिकाऱ्यापेक्षा त्यांच्यावर अधिक असतो. पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा विनामूल्य मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तेल कंपन्यांनी पंपचालकांवर तसे बंधन घातलेले आहे. तरीही हवेचे यंत्र बंद असणे, दाब दाखविणारा काटा चुकीचा असणे, किंवा ते चालविणारा माणूसच जागेवर नसणे हे प्रकार सर्रास घडतात. तहसीलदारांनी आपल्या हद्दीतील प्रत्येक पंपावरील हे यंत्र महिन्यातून एकदा तपासून त्याची नोंद दप्तरी ठेवावी, आणि ती नोंद मागणाऱ्या कोणाही नागरिकास दाखवावी.