सिस्टर काय बोलली?

कळंबला बायकांच्या बैठकीत दवाखान्याचा विषय निघाला की औषधांची आणि खर्चाची चर्चा दहा मिनिटांत आटोपते. मग सुरू होतं ते 'सिस्टर काय बोलली'. टाके किती पडले ते विसरलेल्या बाईला वीस वर्षांपूर्वीचं वाक्य मात्र शब्द न् शब्द आठवतं. "तेव्हा मजा वाटली ना, मग आता कशाला बोंबलतेस?" हे वाक्य मी एवढ्या जणींकडून ऐकलं आहे की ते कुणा एका सिस्टरचं राहिलेलंच नाही.

ह्यावर लगेच सुचवला जाणारा उपाय म्हणजे सिस्टरना गोड बोलण्याचं प्रशिक्षण द्या. मला हा उपाय अर्धवट वाटतो, आणि थोडा अपमानकारकही. बाईने गोड बोलावं ही अपेक्षा आपण घरात मोडायला निघालो आहोत. ती वॉर्डात कशाला उभी करायची? रुग्णाशी बोलणं हा गोडव्याचा प्रश्न नाही. तो उपचाराचा भाग आहे. तपासायला हात लावण्याआधी काय करणार ते सांगणं, "काही होत नाही" असं न म्हणता "कुठे दुखतंय?" विचारणं, उत्तर यायला वेळ लागला तर गप्प थांबणं. हे मलमपट्टीइतकंच शिकायचं काम आहे. हिल्डगार्ड पेप्लाऊ ह्या अमेरिकन परिचारिकेने 1952 साली पुस्तक लिहून परिचारिका आणि रुग्ण ह्यांचं नातं हाच शुश्रूषेचा गाभा आहे असं मांडलं. आपल्याकडच्या नर्सिंगच्या मुलीही हे शिकतात, त्यावर परीक्षा देतात. मग ड्यूटीवर आल्यावर त्याचं काय होतं?

'शुश्रूषा' हा शब्दच पाहा ना. 'श्रु' म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातूनच आला, पण ह्या सेवेचे मानकरी कोण ते मनुस्मृतीने ठरवून टाकलं. शूद्राने वरच्या तीन वर्णांची शुश्रूषा करावी, स्त्रीने पतीची. म्हणजे ऐकून घेणं खालच्याने, आणि ऐकवणं वरच्याने! आपल्या इस्पितळांत हीच उतरंड अजून चालू आहे. डॉक्टर सिस्टरला ऐकवतात, सिस्टर आयाबाईला आणि रुग्णाला. रुग्ण बाई गरीब असेल, आदिवासी असेल, तिसरी मुलगी झालेली असेल, तर तिच्याखाली कुणीच उरत नाही. आमच्या वसई तालुक्यात वाडवळी, सामवेदी, कोळी, वारली अशा बोली आहेत, शिवाय नालासोपारा-विरारला उत्तरेकडून आलेली कुटुंबं. कळा सुरू असताना बाई आपल्या बोलीतच ओरडणार. ते समजलं नाही तर तो नुसता आरडाओरडा वाटतो.

सिस्टरची बाजू आपल्या चळवळीने कमी मांडली आहे. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एकटीच सिस्टर मी अनेकदा पाहिली आहे. तिच्यापुढे नोंदींच्या वह्यांचा ढीग, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातली असेल तर करारावरची नोकरी. तिने थांबून ऐकावं तरी केव्हा? पण एक सांगते, ह्या कारणाने चापटीचं समर्थन होत नाही. माणसं कमी असली की काम अपुरं राहतं. हात उगारला जातो तो समोरची आपल्याहून हलकी वाटते म्हणून.

अरुणा शानबाग आपल्या पिढीला 'इच्छामरणाची केस' म्हणून माहीत आहे. मला त्यात परिचारिका दिसतात. मुंबईच्या के.ई.एम.मध्ये 27 नोव्हेंबर 1973 रोजी अरुणावर त्याच रुग्णालयाच्या सफाई कामगाराने अत्याचार केला. तेव्हा तिथल्या परिचारिका संपावर गेल्या. तिच्या उपचारांसाठी, आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही. पुढे महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी ते होऊ दिलं नाही. 18 मे 2015 ला ती गेली. जवळजवळ 42 वर्षं परिचारिकांच्या पिढ्या तिचं खाणंपिणं, स्वच्छता बघत राहिल्या. शब्दाने उत्तर न देणाऱ्या रुग्णाची खूण त्या ओळखू लागल्या. 2011 साली सर्वोच्च न्यायालयात तिचा आहार थांबवण्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी विरोध केला. त्यांची ती भूमिका सगळ्यांना पटेलच असं नाही, माझ्याही मनात प्रश्न आहेत. पण तिच्या वतीने बोलण्याचा त्यांचा हक्क न्यायालयाने मानला, तो त्यांच्या त्या रोजच्या ऐकण्यामुळे.

आणि ऐकण्यावर कधीकधी जीव अवलंबून असतो. 'स्टोव्हचा भडका उडाला' म्हणून आलेली सून सासू बाजूला उभी असताना दुसरं काय सांगणार? ड्रेसिंग करताना पडदा ओढून, सासूला बाहेर पाठवून जी दोन मिनिटं मिळतात ती सिस्टरलाच मिळतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि 'सेहत' ह्या संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं ते हेच ओळखून. तिथे परिचारिकांनाही हिंसा ओळखण्याचं, विचारण्याचं प्रशिक्षण मिळालं. नंतर मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. पण विरारच्या पलीकडे, जव्हारच्या वाटेवर, अशी पडद्याआडची दोन मिनिटं बाईला कुठे मिळतात?

बाळंतपणाच्या वेळी सोबतीला बाई असू द्यावी असं केंद्र सरकारने 2016 सालीच सांगितलं आहे. आई, बहीण, नणंद, जिने स्वतः ते सोसलं आहे अशी. प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठी 2017 च्या अखेरीस 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यातही सन्मानाच्या वागणुकीचा मुद्दा आहे. सोबतीण असली की पाणी देणं, पाठ चोळणं, धीर देणं ती करते, सिस्टरचा भार हलका होतो, आणि साक्षीदार असल्यामुळे ते जुनं वाक्यही तोंडात येत नाही. तरी दारावर 'नातेवाइकांना प्रवेश नाही' ही पाटी असतेच.

कळंबच्या गटात सध्या माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा चालू आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यांत परिचारिकांची पदं किती मंजूर, किती भरलेली, रात्रपाळीला प्रत्यक्ष किती जणी, आणि सोबतिणीला आत घ्यायचा लेखी आदेश आहे का? अर्जाची एक प्रत परिचारिकांच्या संघटनेला द्यावी असं मी सुचवलं, तर एकीने विचारलं, "आपण त्यांच्याविरुद्ध भांडतोय ना?" बैठकीचा बाकीचा वेळ ह्याच प्रश्नात गेला. तुमच्या गटात ह्याचं काय उत्तर येतं ते जरूर लिहून कळवा.