चाकं बदलली, रस्ता तोच

परवा कोथरूडला मेव्हण्याकडे गेलो होतो. साहेबांनी नव्या एसयूव्हीची अठरा इंची चाकं काढून सतरा इंची बसवलीत. कारण? खड्ड्यांमुळे वर्षात दोनदा टायरला फुगा आला.

गणित त्याचं चोख आहे. २३५/६० आर १८ च्या जागी २३५/६५ आर १७. टायरची बाजूची भिंत १४१ मिमीची १५३ होते, रिमला धक्का कमी बसतो. चाकाची एकूण उंची जेमतेम दोन मिमीने घटते, त्यामुळे स्पीडोमीटरही बिघडत नाही. फक्त ब्रेकचा कॅलिपर छोट्या रिममध्ये बसतो ना, ते आधी बघायचं. गंमत म्हणजे बऱ्याच कंपन्या हीच चाकं खालच्या मॉडेलला देतात. म्हणजे जादा पैसे मोजून वरचं मॉडेल घ्या आणि पुन्हा पैसे घालून खालच्या चाकांवर या!

विचारलं, "खड्ड्याची तक्रार केलीस का?" म्हणाला, "आता काय गरज?"

इथंच खटकलं. आधी टँकर, मग इन्व्हर्टर, आता टायर. ज्याचा फोन साहेब उचलतात तो पैसे टाकून मोकळा होतो. त्याच रस्त्याने पोराला क्लासला सोडणाऱ्या बाईच्या अ‍ॅक्टिव्हाचं मागचं चाक दहा इंची असतं. तिनं कोणतं टायर घालायचं?

खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना सहा लाख द्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. जखमींनाही भरपाई आहे. पण खड्डा आधी नोंदवलेला असेल तर "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही.

निघताना फोटो काढला आणि मेव्हण्याच्याच मोबाइलवरून तक्रार टाकली. नंबर त्याचा, फोन त्यालाच येईल.