ओक, ओके की नको?

परवापरवापर्यंत ओक हे माझ्यासाठी फक्त आडनाव होतं. शाळेत वर्गात दोन ओक होते, दोघेही पहिल्या बाकावर. आता गेले तीन वीकेंड मी आणि नवरा ठाण्यातल्या शोरूम्समध्ये ओकच्या फळ्यांवर अनवाणी फिरतोय आणि सेल्समन आमच्याकडे आशेने बघतोय.

कारण आई. फेब्रुवारीत आमच्या चकाचक व्हिट्रिफाइड लादीवर तिचा पाय सटकला. मनगटावर निभावलं. प्लास्टर निघालं, पण तेव्हापासून ती घरात भिंतीला हात लावून चालते. ते बघवत नाही. म्हणून तिच्या खोलीत वुडन फ्लोअरिंगचं खूळ.

तर बॉस, पहिला फंडा. 'वुडन' म्हणून जे विकलं जातं त्यातलं लॅमिनेट म्हणजे भुशाच्या दाबलेल्या बोर्डावर लाकडाचा फोटो. खऱ्या ओकमध्ये दोन जाती. सॉलिड, म्हणजे अख्खी फळी. आणि इंजिनीअर्ड, म्हणजे वर दोन ते सहा मिलिमीटर ओक, खाली प्लायसारखे आडवे-उभे थर. मला वाटलं, ही तर चीटिंग! पण आपल्याकडे हीच शहाणी निघाली. लाकूड हवेतली ओल पिऊन रुंदीला फुगतं, आणि जुलैत आपल्याकडे आर्द्रता सहज ८०-९० टक्क्यांवर असते. सॉलिड फळीच्या कडा वर येतात, फळी बशीसारखी होते. आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात. तरी भिंतीलगत दहा-बारा मिलिमीटरची फट सोडावीच लागते, ती स्कर्टिंगखाली लपते. 'फट कशाला, एकदम फिट बसवतो' म्हणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला आम्ही चहा पाजून परत पाठवलं.

पायाला मात्र काय मस्त लागतं! गार नाही, टणक नाही. ओक सागवानापेक्षाही कडक, आणि वरचा थर जाड घेतला तर पुढे घासून पुन्हा नवा करता येतो. उणं म्हणजे सागवानात जे तेल असतं ते यात नाही, त्यामुळे वाळवीचा बंदोबस्त आधी करायचा. किंमत? आम्हाला मिळालेलं कोटेशन लॅमिनेटच्या तिप्पट.

घरकामाच्या मावशींनी सॅम्पल बघून एकच विचारलं, "ताई, हे पुसायचं कशाने?" बादलीभर पाणी आणि फिनाईल बंद. फडकं घट्ट पिळून घ्यायचं. शिवाय ओकमध्ये टॅनिन असतं. ओलं लोखंड टेकलं की काळा डाग! आणि आईचं लोखंडी कपाट तिच्याइतकंच हट्टी, ते खोलीतून हलणार नाही. त्याच्या पायांखाली रबर आलं.

पण खरी गोची वेगळीच. आई घसरली ती बाथरूममधून ओल्या पायाने बाहेर येताना. ग्लॉसी पॉलिशचा ओक ओला झाला तर तोही सटकवतोच. म्हणून मॅट फिनिश. त्यात जुन्या लादीवर पंधरा मिलिमीटरची फळी आणि खाली फोम, म्हणजे दारात पायरी! पडू नये म्हणून लाकूड आणायचं आणि तिने त्यालाच ठेचकाळायचं? हे आम्हाला एकाही शोरूममध्ये कुणी सांगितलं नाही. नवरा टेप घेऊन बसला तेव्हा कळलं.

मग ठरलं. खोलीतली लादी उखडायची, लेव्हल बाहेरच्याशी जुळवायची, खर्च वाढला तरी. बाथरूमच्या दारापाशी खरखरीत अँटीस्किड लादीचा पट्टा, आणि भिंतीला पकडायला दांडा. दांड्याचा खर्च सगळ्यात कमी, आणि तो आम्हाला सगळ्यात शेवटी सुचला!

आईला शोरूममध्ये नेलं. चपला काढून ती फळ्यांवर उभी राहिली. "आजोळची माडी अशीच होती गं," म्हणाली आणि टोकापर्यंत जाऊन आली. तिथे धरायला भिंत नव्हती.

पेट्या काल आल्या. खोलीची हवा लागायला दोन-तीन दिवस तशाच ठेवायच्यात. आई सकाळी त्यातल्याच एकीवर बसून पेपर वाचत होती.