हुक आधी पायाने मारा

पडवीत नाहीतर वाडीतल्या आंब्याला बॅग टांगून, मोबाईलवर बघून बघून बॉक्सिंग शिकणाऱ्या अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडच्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. तुमच्या मेहनतीत खोट नाही. पण हुक मारताना खांदा भरून येतो, मनगट दुखतं आणि बॅग मात्र जागची हलत नाही, असं होत असेल तर तुम्ही नुसत्या हाताने मारताय. अशा वेळी कुणीतरी डंबेल उचलायला सांगतं. माझं ऐका, महिनाभर दंडाचा विचार सोडा आणि डाव्या पायाच्या चवड्याकडे लक्ष द्या.

८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझियरने पंधराव्या फेरीत महंमद अलीला डाव्या हुकने खाली पाडलं. अली त्याच्याहून उंच, हातानेही लांब. फ्रेझियरचा डावा हात तर लहानपणीच्या दुखापतीमुळे पुरता सरळही होत नसे. त्या लढतीची चित्रफीत सहज बघायला मिळते. बघताना हातमोज्यांवरून नजर काढा आणि गुडघे बघा. तो आधी खाली बसतो, पाय जमिनीत रोवतो आणि तिथून सगळं अंग घेऊन वर येतो. हात शेवटी येतो.

आता तुमचं. उजव्या हाताने जेवणाऱ्याचा डावा पाय पुढे, उजवा मागे, दोन्हींत खांद्याएवढं अंतर, गुडघे सैल. डाव्या गुडघ्यावर किंचित वजन घ्या. मग डाव्या चवड्यावर पाऊल फिरवा: टाच बाहेर, बोटं आत. पावलाबरोबर गुडघा, गुडघ्याबरोबर कंबर, कंबरेबरोबर खांदा फिरला पाहिजे आणि वजन उजव्या पायावर गेलं पाहिजे. कोपर काटकोनात, मुठीच्या उंचीला. मनगट ताठ. उजवी मूठ गालाजवळून हलता कामा नये. डावखुऱ्यांनी हेच उलट करावं.

हे शिकायला आपल्याइतकी चांगली जागा कुणाकडे नाही. ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू पाऊल जसंच्या तसं दाखवते. अनवाणी उभे राहा, सावकाश एक हुक मारा आणि खाली बघा. चवड्याखाली घासून गोल खळगा पडला असेल आणि टाचेने बाहेर कमान काढली असेल, तर पाय फिरला. अख्खं पाऊल नीट उमटलेलं दिसलं, तर ठोसा हातानेच गेला. दहा वेळा मारा, दहा ठसे तपासा. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी साधारण सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास लागते आणि वाळूही लांबवर मोकळी होते. पुढे रोज पाऊण-एक तास उशीर धरा. फुटके शिंपले, काचा, जाळ्यांचे तुकडे आधी वेचून टाका.

वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र हे करू नका. तिथे पाऊल रुततं, फिरत नाही, अंग फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. घरच्या फरशीवर चिकट तळव्याचे बूट घालून केलंत तरी तेच. गुडघ्यात कळ आली की त्या दिवसापुरतं थांबा.

ठसा जमला की चाल जोडा. डावीकडे सरकायचं तर डावा पाय आधी, उजवा मागोमाग. उजवीकडे जायचं तर उजवा आधी. पाय एकमेकांवरून ओलांडू नका, त्या क्षणी साधा धक्काही पाडेल. डावीकडे वीतभर सरका, पाऊल टेकू द्या, गुडघा वाकू द्या आणि मग मारा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. घाईत मूठ आधी सुटते, पाय अजून हवेत असतो आणि ठोशामागे जमीनच नसते. मारून झालं की तिथे उभं राहायचं नाही, लगेच बाजूला निघायचं.

कबड्डी खेळणाऱ्यांना हे लवकर येईल. चढाईत चवड्यावर वळून मध्यरेषेकडे झेपावणारं पाऊल त्यांच्याकडे तयारच असतं. त्यामुळे मंडळांच्या जुन्या खेळाडूंना माझी विनंती आहे, बॉक्सिंग करणारी पोरं आली तर त्यांना मैदानाचा एक कोपरा आणि थोडा वेळ द्या.

बॅग घरी बनवत असाल तर पोत्यात वाळू भरू नका. ती खाली बसून दगडासारखी होते आणि मनगट जातं. जुने कपडे, चिंध्या ठासून भरा. मुठींना पट्टी बांधल्याशिवाय बॅगला हात लावू नका.

आणि पालकांनो, समोरासमोरचा सराव जाणत्या प्रशिक्षकाशिवाय होऊ देऊ नका. डोक्याला लागलेला मार बाहेरून दिसत नाही. शालेय स्पर्धांत बॉक्सिंग आहे. अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन जवळ प्रशिक्षक कोण, स्पर्धा कधी, ते विचारा. गावातली चार-पाच मुलं एकत्र घेऊन गेलात तर आणखी बरं, आणि त्यात मुलीही असू द्या.